फगनीमाय, ती जागा मीच लिहिली होती

फगनीमाय, तुला मातीत ठेवलं त्या दिवशी मीही मूठभर माती टाकली. टाकायला नको होती. तो हक्क ज्याचा होता तो तुझा भाचा मंसाराम वीस पावलांवर मोहाच्या झाडाखाली हाताची घडी घालून उभा होता. पांढुर्ण्याहून सकाळच्या पहिल्या गाडीनं आला, टोल्यापर्यंत, तुमच्या वस्तीपर्यंत, चालत आला, पण तुझ्याजवळ आला नाही. चार वर्षांपूर्वी सगळ्या टोल्यासमोर तू त्याला बजावलं होतंस, "मी मेलो तरी माह्या मातीले हात लावू नको." त्यानं तो शब्द पाळला. सगळे पांगले तेव्हा तोही पाठ फिरवून आल्या वाटेनं निघून गेला, आणि मी हाताची माती झटकत उभा राहिलो.

आज तुला जाऊन अकरा दिवस झाले. सौंसरच्या घरी ओट्यावर बसून हे लिहितोय आणि खरं सांगू का, फार थकलोय. वय झालं, गुडघे गेले, चैतातच जेठासारखं ऊन तापायला लागलं, हे सगळं आहेच. पण हा शीण त्याचा नाही. एक गोष्ट मी चार वर्षं तुझ्यापासून लपवली. ती लपवत तुझ्या अंगणात बसलो, तुझ्या हातचं खाल्लं, त्याचा हा शीण आहे. तू हे वाचणार नाहीस. तुला अक्षर आलं नाही, आणि आलं असतं तरी माझा कागद तू हातात धरला नसतास. तरी लिहितोय, कारण मला दुसरं काही येत नाही. या लिहिण्यानंच घात केला, पण खोड ती खोडच.

तुमच्या गोंडांच्या टोल्यावरच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी तिशीच्या आत होतो. रामाकोन्यापर्यंत सायकल दामटायची, पुढे नाल्याच्या कडेकडेनं पायवाट. पहिल्याच दिवशी तू शाळेच्या दारात येऊन उभी राहिलीस. "तू कोनाचा गा?" मी म्हणालो, मी नवीन गुरुजी. "ते त दिसून राहिलं. कोनाचा हायेस?" माझं डोकंच फिरलं. आम्हा लोकांना हा प्रश्न कुठल्या वाटेनं येतो ते लहानपणापासून माहीत असतं. मी तडकून म्हणालो, "बौद्ध आहे. चालेल ना?" तू माझ्याकडे पाहतच राहिलीस. मग म्हणालीस, "मायचं नाव पुसून राहिलो, बावा. कोनत्या मायचा तू?" मी ओशाळून आईचं नाव सांगितलं. त्या दिवसापासून तू माझ्या आईची खुशाली विचारत राहिलीस, तिला एकदाही न पाहता. मला तू म्हणायचीस, पण मला एकट्यालाच नाही. तहसीलदार आला तर त्यालाही तूच, आणि जंगल खात्याचा साहेब आला तर त्यालाही.

सुमनचं पहिलं बाळंतपण फार जड गेलं. महिना झाला तरी माझी बायको अंथरुणातून उठेना, पोरीला दूध पुरेना. दवाखान्याच्या गोळ्या चालूच होत्या. तुझ्या कानावर गेलं आणि तू म्हणालीस, "आज नेवता देतो, उद्या आनतो." मला वाटलं, कुणाला जेवायला बोलावतेस की काय! दिवाळी होऊन गेली होती. संध्याकाळी तू पहाडावर गेलीस, मुसळीच्या वाळलेल्या पानापाशी हळद लावलेले चार तांदूळ ठेवलेस आणि तिला सांगून आलीस की उद्या तुला न्यायला येते, एका बाळंतिणीसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी पुन्हा गेलीस. मुसळीला बोटाएवढ्या पांढऱ्या मुळ्यांचा झुबका असतो. त्यातल्या निम्म्या तोडल्यास आणि बाकीचा झुबका डोक्यासकट परत मातीत बसवून, वर पाला सारून आलीस.

मी हसलो होतो. शिकलेला माणूस हसणारच. "माय, मुळीला काय ऐकू येतं?" तू म्हणालीस, "नसन येत. माह्या कानाले त येते ना. सांगून आलो का जास्त उपटाची लाज वाटते." सुमन पंधरा दिवसांत उठून बसली. मुसळीनं बसली, गोळ्यांनी, की रोज येऊन तिच्या उशाशी तू बडबड करायचीस त्यानं, ते मी आजवर ठरवू शकलेलो नाही. पण सुमन ठरवून मोकळी झाली. गेल्या आठवड्यात तू गेल्याचं कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, हे सगळं लिहून ठेवू. तू म्हणायचीस, कायले? माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबला. घराची जागा त्याच्या बापाची होती, पण कागद नव्हता, म्हणून एका पावसाळ्यात ती गेली. तो मला मारून मारून शाळेत पाठवायचा आणि म्हणायचा, जे लिहिलेलं नाही ते आपलं नाही. मी त्या एका वाक्यावर मोठा झालो. तुझं म्हणणं अगदी उलट होतं. "लिवलं का ज्याले वाचता येते त्याचं झालं." बाभळीखाली बसून आपण यावर किती संध्याकाळी घालवल्या असतील! तुझं पटायचं नाही, पण तू बोलायला लागलीस की ऐकावंसं वाटायचं.

एकदा मी जिंकलो. वनहक्काचे पट्टे मिळणार म्हणून फॉर्म आले, तेव्हा टोल्यातल्या प्रत्येक घराचा दावा मी माझ्या हातानं लिहिला. कोणाचं वावर कुठपर्यंत, कोणाचा आजा कुठं पुरला, कोणती विहीर कोणी खोदली. दोन वर्षं चपला झिजवल्या, पण पट्टे आले. तू तुझा कागद कपाळाला लावलास, पत्र्याच्या पेटीत ठेवलास आणि मला म्हणालीस, "हे बरं केलं गुर्जी. वावर लिव. घर लिव. पहाड नको लिवू." तेव्हा मी त्या विजयाच्या नादात होतो. तुझं शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

पहाडाचे तुझे कायदे मला अजून तोंडपाठ आहेत. साजाचं झाड, आम्ही ज्याला ऐन म्हणतो ते, तोडायचं नाही, त्यात बडादेव राहतो. चारोळी अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाआधी तोडायची नाही, आणि तोडली तरी शेंड्याची फांदी पाखरांची. मोहाखाली फुलं वेचायला आग लावून झाडझूड करायची नाही, हातानं पाला सारायचा, मग कंबर मोडली तरी चालेल. मुसळीची कोवळी पानं पहिल्या पावसात भाजीला घ्यायची, पण बी पडून पान वाळल्याशिवाय मुळीला हात लावायचा नाही. व्यापारी चारोळी हिरवीच मागायचे. आसपासच्या गावांत लोक अक्तीची वाट न पाहता ओरबाडून द्यायचे, आणि पाच-सहा वर्षांत तिथली झाडं फांद्या मोडून बोडकी झाली. तुमच्या पहाडावर ती उभी राहिली, कारण तू काठी घेऊन वाटेवर बसायचीस. खालच्या गावातले संत्रेवाले मोठ्या कौतुकानं सांगतात, आमच्या नाल्याला होळी झाली तरी पाणी असतं. कोणामुळे असतं ते कोणी सांगत नाही.

आणि मंसाराम. तुला मूलबाळ झालं नाही, भावाचं हे पोर तू काखेत घेऊन वाढवलंस. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. गणितात शून्य, पण कोणतं पाखरू कुठं अंडी घालतं ते विचारा. मी त्याला नापास केला तेव्हा तू शाळेत येऊन माझ्याशी कचाकचा भांडलीस. "त्याले मी शिकवून राहिलो, तू आपलं पाह्य." खरंच शिकवत होतीस. कोणत्या मुळीला नेवता द्यायचा, कोणतीला नुसता नमस्कार पुरे, कोणती विषारी. एकदा त्यानं अक्तीआधी चारोळी खाल्ली, तर तू त्याला साजापाशी नेऊन उठाबशा काढायला लावल्यास, चांगला मिशा फुटलेला गडी होता तेव्हा. तोही हसत हसत काढत होता. तुझ्यानंतर पहाड त्याचाच, हे टोल्यात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

आता ते सांगतो.

माझी मुलगी, जिच्या जन्माच्या वेळी तू मुसळी आणलीस तीच, बाळंतपणाला माहेरी आली. तिला तुझ्याच हातची मुसळी हवी होती. तुझे पाय चालेनासे झाले होते आणि मंसाराम त्या आठवड्यात कापूस वेचायला लांबच्या गावी गेला होता. म्हणून तू मला सोबत नेलंस. मी निवृत्त झालो होतो, मला वेळच वेळ. माझ्या खांद्याला धरून तू वर चढलीस आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला ती जागा दाखवलीस. पूर्ण उतार मुसळीचा. वाळलेली पानं होती, म्हणून मला तर काहीच दिसलं नाही, तू काठीनं दाखवत गेलीस तेव्हा कळलं. खाली उतरताना म्हणालीस, "डोयानं पाह्य गुर्जी, हातानं लिवू नको." मी म्हणालो, "नाही लिहिणार माय."

पुढच्या उन्हाळ्यात पंचायतीत जैवविविधतेची नोंदवही करायचं काम निघालं. सरकारी हिंदीत पंजी म्हणतात. गावातली झाडं, मुळ्या, पाखरं, कोण काय जाणतं, सगळं त्यात भरायचं. अक्षर चांगलं म्हणून मला बोलावलं. मला काय, आभाळ ठेंगणं झालं! तुझं सगळं ज्ञान एका जाड वहीत, तुझ्या नावानं. मला वाटलं, आपल्या भांडणाचा हा शेवटचा निकाल, आणि माझ्या बाजूनं. मी महिनाभर लिहीत होतो. समजावून सांगायला आलेल्या माणसानं स्पष्ट सांगितलं होतं की जी गोष्ट लोकांना उघड करायची नसेल तिचा रकाना कोरा सोडा, चालतं.

माय, मला कोरा सोडता आला नाही. बस, एवढंच आहे. कोणी पैसा दिला नाही, कोणी धाक घातला नाही. जन्मभर मी पोरांना सांगत आलो, उत्तर येवो न येवो, जागा कोरी सोडू नका. कोऱ्या जागेवर लाल शाईची फुली मारायची सवय झालेला हात माझा. मुसळीपुढे "कुठे आढळते" हा रकाना रिकामा दिसत होता. चार दिवस मी ते पान उलटून पुढे जायचो आणि परत त्याच पानावर यायचो. पाचव्या दिवशी लिहिलं. तीन साजांच्या मागे, दगडी कुंडापासून उगवतीकडे चाळीस पावलं. वर पट्टी ठेवून खाली रेघ मारली. मनाची समजूत घातली की सरकारी वही कपाटात राहते, ती कोण वाचतं?

कपाटात राहिली, पण कपाटाला कुलूप नव्हतं. श्रावण सरता सरता, पानं हिरवीगार, बी अजून पडायचं होतं, तेव्हा बाहेरचे लोक गाडी घेऊन आले आणि दुपारच्या दुपारी तो उतार खणून गेले. तेव्हा तुम्ही सगळे खाली धानाच्या निंदणीला होता. पोती भरून नेली. डोकी तोडून तिथेच फेकून दिली, परत लावायचं तर राहिलंच. मी नंतर पाहिला तो उतार. डुकरं फिरून गेल्यावर वावर दिसतं तसा दिसत होता.

दोन दिवसांनी रामाकोन्याच्या बाजारात चहा पिताना एक जण माझ्याजवळ येऊन बसला. जडीबुटी घेणाऱ्या कोणा व्यापाऱ्याचा माणूस. मोबाईल पुढे करून म्हणाला, "गुरुजी, अशा अजून जागा तुम्हाला ठाऊक असतील." फोटोत माझं अक्षर होतं. माझी पट्टीनं मारलेली रेघ. मी चहा तसाच ठेवला आणि उठलो. पहिल्यांदा पंचायतीत जाऊन त्या रकान्यावर काळी शाई फासली, कारण वेड्या माणसाला तेवढंच सुचतं. मग थेट टोल्याची वाट धरली. तुला सांगायलाच निघालो होतो, माय. त्या दिवशी मी सांगणारच होतो, यावर विश्वास ठेव.

पण टोला आधीच तुझ्या अंगणात जमलेला. तू उभी होतीस, काठी न घेता. मंसाराम खाली बसला होता. तू म्हणत होतीस, "तीनच माणसाईले मालूम होतं. मले, तुले, आन गुर्जीले." आणि एवढं बोलूनही तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. माझ्यावर शंका घ्यायची असते, हे तुझ्या मनातच आलं नाही. मंसारामचं पिणं त्या वर्षी वाढलं होतं, बाजारातले नवे दोस्त झाले होते, हप्त्यावर मोटरसायकल आली होती. तुझा हिशेब सरळ होता. तो म्हणाला, "आत्या, मी नाई वं." मग त्यानं मान वर करून मला पाहिलं आणि म्हणाला, "गुर्जी, तुमी त सांगा हिले."

मी म्हणालो, "माय, शांत हो."

एवढंच म्हणालो. का, ते मी चार वर्षं स्वतःला विचारतोय. तुझ्या रागाची भीती वाटली, हे आहेच. पण त्याहून मोठी भीती होती ती गुरुजीपण जाण्याची. त्या टोल्यात मी गेलो की कोणीतरी खाट टाकतं, पोरं पाया पडतात, तू आत जाऊन चहाचं आधण ठेवतेस. दुसरीकडे मला एवढं कोणी विचारत नाही. ते जाईल म्हणून मी गप्प बसलो आणि माझ्या वाट्याचा राग तू त्याला दिलास. मातीला हात लावू नको म्हणालीस तेव्हा म्हातारी माणसंही दचकली. मंसाराम त्याच आठवड्यात मोटरसायकल विकून पांढुर्ण्याला गेला, संत्र्याच्या मंडीत पेट्या भरायच्या कामाला.

त्यानंतर मी आधीपेक्षा जास्त यायला लागलो, तुझ्या लक्षात आलं असेल. दर वेळी वाटेत वाक्य जुळवत यायचो. नाल्यापर्यंत ते पाठ असायचं आणि तुझ्या अंगणात शिरलो की जायचं. एकदा सौंसरच्या बसस्टँडवर आपण दोघं बाकावर बसलो होतो, तुझ्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या दिवशी. मी म्हणालो, "माय, मंसारामचं..." आणि तू हात वर केलास. "त्याचं नाव नको काढू. पोटचं नव्हतं म्हनून लोक हसतीन." मग बस येईपर्यंत तू पदराचं टोक चावत बसलीस. मी त्या दिवशी बोललो असतो तर तुला दोन वर्षं तरी तुझं पोरगं परत मिळालं असतं.

तू त्या उतारावर परत गेलीस. फेकलेली डोकी वेचून लावलीस, त्यातली थोडी जगली. "सात-आठ पाऊस लागन," म्हणालीस. पण दुसऱ्या कोणाला तू काही शिकवलं नाहीस. टोल्यातल्या सुना विचारायच्या, तू म्हणायचीस, आता कोनाले नाई. बाकीच्या मुळ्यांच्या जागा, नेवत्याचे शब्द, कोणत्या नक्षत्रात काय काढायचं, ते सगळं तुझ्यासोबत मातीत गेलं. हरवू नये म्हणून मी लिहायला निघालो होतो. माझ्यामुळेच हरवलं. आणि तरी, रागावू नको, आपलं भांडण मिटलंय असं मला आजही म्हणवत नाही. तोंडी ठेवलेलं एका माणसाच्या रागानं संपतं, हेही मी पाहिलं. तू असतीस तर यावर आपण पुन्हा बाभळीखाली बसलो असतो आणि तू मला पुन्हा गप्प केलं असतंस. त्याचीच आठवण जास्त येते.

तुला ठेवल्यानंतर तीन दिवसांनी मी पांढुर्ण्याला गेलो. सुमनला आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "उद्याच जा." मंडीत संत्र्यांचे ढीग लागलेले, हंगाम संपत आलेला. मंसाराम पेटीत गवत अंथरत होता. पस्तिशीतच केस पिकलेत त्याचे. मी उभ्या उभ्या सांगितलं, वही, रकाना, फोटो, सगळं. तो हात न थांबवता ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "मले कायले सांगून राहिले गुर्जी? तिले सांगाचं होतं."

मी म्हणालो, आता ती कुठं आहे.

"ते मले मालूम हाय." मग त्यानं पेटी बाजूला सारली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "चार वर्सं मी सोतालेच पुसून राहिलो, का पेल्यावर मीच कोनाले बोललो त नसन. मले आठवत नोव्हतं ना. दारू सोडली, तरी आठवे ना. मंग मी मानून घेतलं, का मीच बोललो असन." एवढं बोलून तो तोंड धुवायला नळावर गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "तिले सांगा. आन टोल्यात सांगा. तिनं सगळ्याईसमोर म्हटलं होतं, तुमी सगळ्याईसमोर सांगा."

काल तुझं दिवसाचं कार्य होतं. टोला जमला, मंसारामही आला आणि कडेला बसला. मी उभा राहिलो. तीस वर्षं त्याच लोकांसमोर बोलत आलो, त्यातली अर्धी माझ्या हाताखालून गेलेली, पण जीभ वळेना. शेवटी जसं तोंडात आलं तसं सांगितलं. मी लिहिली जागा. तिनं नको म्हटलं होतं. मंसाराम बोलला नव्हता. कोणी ओरडलं नाही. तुझ्या शेजारची सून, जिला मी बाराखडी शिकवली, ती तेवढी म्हणाली, "गुर्जी, तुमी चार वर्सं तिच्या घरचा चाहा पेले." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग सगळे आपापल्या कामाला लागले, पंगतीचं पाहायला लागले, आणि मी कुठं बसावं ते मला कळेना.

मंसाराम उठला आणि तुझ्याकडे निघाला. मी मागे गेलो नाही. जिथून दिसत होतं तिथेच एका म्हाताऱ्याजवळ उभा राहिलो. त्यानं दोन्ही हातांत माती घेतली आणि तुझ्यावर टाकली. पुन्हा घेतली, पुन्हा टाकली. मग उकिडवा बसून तुझ्याशी बोलायला लागला, गोंडीत. खूप वेळ बोलला. मध्येच आवाज चढला, भांडल्यासारखा, मध्येच अगदी खाली गेला. तीस वर्षं मी तुमच्या पोरांना माझी भाषा वाचायला शिकवली आणि तुमची एक ओळ मला समजत नव्हती. शेजारचा म्हातारा सगळं ऐकत होता, मान हलवत होता, त्याच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. मी त्याला विचारलं नाही.